रजिस्टरप्रमाणे

१४ जुलै

विज्ञानाच्या बाई,

तब्येतीची चौकशी करत नाही. तू फोन उचलत नाहीस आणि मलाही तुझा आवाज ऐकायचा नाही, म्हणून कागद. कागदावर निदान मध्येच कोणी तोडत नाही.

तू राजीनामा दिलास हे मला शाळेच्या शिपायाने सांगितलं. सख्ख्या बहिणीने घर रिकामं केलं, गाव सोडलं, आणि ते मला कळतं कोणाकडून, तर गणवेशाचे गठ्ठे उतरवून घेताना शिपायाकडून. पाण्याची वेळ बदलली असं सांगावं तसं सांगितलंन त्याने. तुझा नवा पत्ताही त्याच्याकडेच निघाला. माझ्याकडे नाही.

तुझ्याविरुद्ध अर्ज कोणी केला ते मला माहीत नाही. शाळेत सहाशे मुलं आहेत, त्यांना आईबाप आहेत. आलं असेल कोणाच्या तरी लक्षात. पण त्या अर्जात खोटं काय होतं ते मला सांग. "सदर शिक्षिकेने आठ महिने पालकांस अंधारात ठेवून मुलीस मुलाच्या नावाने हाक मारली, प्रयोगशाळेच्या कपाटात तिच्यासाठी पँट-शर्ट ठेवले व शिक्षकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली दिली." यातला कुठला शब्द खोटा आहे?

गणवेशाच्या मापांच्या दिवशी तू व्हरांड्यात उभी होतीस. तू माझं तोंड बघितलंस. मला काय दिसलं ते आता ऐक.

मुलींची रांग संपली. नववीच्या मुलींत आपली दिसली नाही, मला वाटलं मैदानावर रेंगाळली असेल. मग मुलग्यांची रांग लागली. पँटचं माप घेताना तोंडं कोण बघतं, मी गुडघ्यावर बसून टेप लावत होते. सातवा की आठवा पोरगा पुढे आला. आधी मला पायाची दुमड दिसली. पँट बाजारातली, लांबीला मोठी, खाली हाताने दुमडून शिवलेली. बारीक टाका, आतून न दिसणारा, दर चौथ्याला गाठ. असा टाका घालणाऱ्या दोनच बायका मला माहीत आहेत. एक मी, दुसरी तू. आईने आपल्या दोघींना एकाच फडक्यावर शिकवला होता. मी वर बघितलं तर माझीच मुलगी.

मागे वीस पोरं उभी. काय करणार होते मी? कंबर घेतली. "सव्वीस," म्हणाले. माप लिहून घेणाऱ्या बाईंनी ते मुलग्यांच्या यादीत लिहिलं. मागचा पोरगा तिला म्हणाला, "चल रे, सरक." आणि ती सरकली. त्या 'रे'चं तिला काहीच वाटलं नाही, इतकी ती रुळली होती.

आठ महिने, धाकटे. आठ महिने दर रविवारी तू माझ्या घरी जेवलीस. माझ्यासमोर तिला पोरी म्हणालीस, आणि सोमवारी वर्गात ते दुसरं नाव घेतलंस. ते नाव मी या कागदावर लिहिणार नाही. तिचं नाव आपल्या आईचं आहे. आई गेली त्या वर्षी ही झाली, म्हणून ठेवलं. तेव्हा तू रडली होतीस. ते नाव पुसताना तुझा हात कसा चालला?

तिचा बाप गेल्यावर ही पोर आपण दोघींनी वाढवली असं तू चारचौघांत सांगायचीस. यापुढे सांगू नकोस. तिची आई एकच आहे.

थोरली


३० जुलै

विज्ञानाच्या बाई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

एक बातमी द्यायची म्हणून लिहिते. शाळा समितीने नियम केला. फलकावर लागलाय, खाली मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. मी शब्दन् शब्द लिहूनच आणला. "विद्यार्थ्याचे नाव, गणवेश, रांग व स्वच्छतागृह ही प्रवेश रजिस्टरमधील नोंदीप्रमाणेच राहतील. विद्यार्थ्याने याहून वेगळी मागणी केल्यास किंवा तसे वर्तन आढळल्यास शिक्षकाने त्याच दिवशी पालकांस लेखी कळवावे."

त्याच दिवशी. लेखी. दुसऱ्यांदा वाच.

समितीचे अध्यक्ष मला रस्त्यात भेटले, तेच ते औषधाच्या दुकानाचे मालक. म्हणाले, "ताई, तुमच्यासारखे जागरूक पालक हवेत." त्यांना माझं नाव कसं कळलं ते मला विचारू नकोस. गाव लहान आहे.

मी तिला नवा स्कर्ट शिवला. चांगलं कापड घेतलं, प्लीट्स खोल घातल्या, दोन वर्षं जाईल असा. तिने गपचूप घातला. तू म्हणाली असतीस, बघ, तिच्या तोंडाकडे बघ. बघितलं मी. तोंड जागच्या जागी आहे. या वयात सगळीच पोरं घुमी होतात, आपणही होतो. बोलत नाही, पण जेवते. अभ्यासाला बसते. घरात शांतता आहे. तुझ्या वेळी ती सारखी हसायची, ते कशामुळे होतं ते आता कळलं, आणि असं हसणं मला नको आहे.

थोरली


२१ ऑगस्ट

धाकटीस,

पाच आठवड्यांनी पत्र पाठवलंस आणि आत एक ओळ. "तो दिवसभरात पाणी पितो का, एवढंच कळव."

तो म्हणे. आणि एवढंच म्हणे. मी तुला दोन पत्रं भरून विचारलं त्यातल्या एकाचंही उत्तर नाही, माफीचा शब्द नाही, आणि वरून मलाच प्रश्न. वर्गात फळ्यावर प्रश्न लिहून बाहेर निघून जायचीस तशी. मी काय तुझ्या वर्गातली आहे?

तरी सांगते, म्हणजे जीव भांड्यात पडेल तुझा. पाण्याची बाटली सकाळी भरून देते, ती दुपारी भरलेलीच परत येते. याचा अर्थ शाळेत पिते. नळ बसवलेत आता नवीन. घरी आली की मात्र दप्तर खांद्यावर तसंच ठेवून थेट मोरीत पळते, चपला दारात काढायची शिस्तही राहिली नाही. दोनदा ओरडले. ही तुझ्या लाडांची फळं.

चिठ्ठ्या रोज येतात. वर्गशिक्षिका अगदी नेमाने लिहितात. मशीनच्या खणात ठेवते मी त्या, बॉबिनच्या डब्याशेजारी. "आज आपल्या मुलीस उशिराचे कारण विचारले असता 'चालत आलो' असे उत्तर दिले." "आज आपली मुलगी नाव पुकारल्यावर गप्प राहिली. गैरहजेरी मांडली आहे." "आज आपल्या मुलीने केस ओले करून मागे फिरवले होते." काल दोन होत्या. एक सकाळची, एक दुपारची.

पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक चिठ्ठी तिच्यासमोर वाचली. मग तिच्यामागे वाचायला लागले. परवाची उघडली नाही. केसांबद्दल माणूस किती वेळा वाचणार? पण उघडत नाही म्हणजे मला नको आहेत असं नाही. पालकांना हक्क आहे. हेच तर मागितलं होतं.

थोरली


९ सप्टेंबर

धाकटीस,

घाबरू नकोस, आता बरं आहे. चार दिवस दवाखान्यात होतो. काल घरी आलो.

सुरुवात पाठीच्या दुखण्याने झाली. मला वाटलं दप्तराचं ओझं. मग हुडहुडी भरून ताप, इतका की अंगावरची चादर गरम लागायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने तुझ्याएवढ्या. तपासलं, लघवीची तपासणी केली, म्हणाल्या, मूत्रपिंडाला सूज आहे, जंतू वर चढलेत. मग खुर्ची ओढून जवळ बसल्या आणि विचारलं, "शाळेत पाणी पितेस का?"

तुझाच प्रश्न. मला कोणी तोंडात मारल्यासारखं झालं.

लेकराने माझ्याकडे बघितलं. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबा." मी म्हटलं, "मी आई आहे." त्या म्हणाल्या, "म्हणूनच." पडद्याच्या बाहेर उभी राहिले. पडदा तो, भिंत नव्हे. सगळं ऐकू आलं.

मुलींच्या बाथरूममध्ये गेलं की मुली ओरडतात, मुलगा घुसला म्हणून. दोघींनी एकदा बाहेर ढकललं, एकीने बाहेरून कडी लावली, तास संपेपर्यंत. मुलग्यांच्याकडे नियमाने जाता येत नाही. शिक्षकांच्या बाथरूमची किल्ली मुख्याध्यापकांनी काढून घेतली. मग सकाळी सातपासून दुपारी अडीचपर्यंत काही प्यायचंच नाही, म्हणजे जावंच लागत नाही. मला कळू नये म्हणून बाटली वाटेत ओतून दिली असंही नाही. कोणापासून काही लपवलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

आता मला एक सांग. तुला हे ठाऊक होतं. तू विज्ञान शिकवतेस, तुला पुढचं सगळं दिसत होतं. मग एक ओळ का? "ताई, नियमामुळे असं असं होईल, लक्ष ठेव," इतकं लिहायला शाई संपत होती? तुला माझ्यावर रुसून बसायचं होतं आणि इकडे लेकराच्या अंगात ताप चढत होता. मी चुकले असेन. पण तूसुद्धा गप्प राहिलीस. गप्प राहण्यात तू पहिल्यापासूनच हुशार.

औषध अजून दहा दिवस आहे. तोवर शाळेत पाठवत नाही.

थोरली


२८ सप्टेंबर

धाकटीस,

तो अर्ज माझा होता. तुला माहीत असणार. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. मापं घेतली त्याच दुपारी दुकानाचं दार ओढून घेतलं, कापायच्या टेबलावर बसून लिहिला आणि स्वतः नेऊन दिला. वाईट वाटलं नाही. तुझी नोकरी जाईल हे डोक्यात आलं होतं. येऊनही दिला.

आता काल काय झालं ते.

नियमावर पालकांची सभा होती. अध्यक्षांनी मला मुद्दाम निरोप धाडला, दोन शब्द बोला म्हणून. मी जायचं ठरवलं. आजारपणाचं सांगणार होते, म्हणजे निदान ती किल्ली तरी परत मिळेल. कागदावर मुद्दे लिहून नेले. सभागृह भरलेलं, मला पहिल्या रांगेत खुर्ची.

माझी पाळी यायच्या आधी गॅरेजवाला उठला, सहावीतल्या जुळ्या मुलींचा बाप. म्हणाला, "नियम ठीक आहे, पण रजिस्टरला काय कळतं? अशा मुलांची डॉक्टरकडून तपासणी करून घ्या. दाखला असेल तरच वर्गात. नाहीतर घरी बसवा. आमच्या मुलींनी का भोगायचं?"

टाळ्या पडल्या. धाकटे, माझ्या गिऱ्हाइकांनी वाजवल्या. ज्यांच्या पोरांच्या गळ्याची मापं मला तोंडपाठ आहेत त्यांनी.

अध्यक्ष लिहून घेत होते. म्हणाले, "सूचना चांगली आहे. सुरुवात करायलाही अडचण नाही. या ताईंचीच मुलगी आहे आणि मूळ अर्जही ताईंचाच. त्या सहकार्य करतीलच."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उभी राहिले. मुद्द्यांचा कागद हातात होता, त्यातलं एक अक्षर दिसेना. म्हटलं, "काय तपासणार?"

अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं.

"नाही, सांगा ना. काय तपासणार? कपडे उतरवून बघणार? कोण बघणार, तुम्ही?" गॅरेजवाला म्हणाला, तसं नव्हे, बाई. मी म्हटलं, "मग कसं?" तो खाली बसला. अध्यक्ष म्हणाले, ताई, शांत व्हा, हे तुमच्याच भल्यासाठी आहे. मी म्हटलं, "माझा अर्ज मी मागे घेते. इथेच, सगळ्यांसमोर."

आज सकाळी मुख्याध्यापकांकडे लेखी द्यायला गेले. त्यांनी घेतलं, तारखेचा शिक्का मारला, मला पोच दिली. मग म्हणाले, "अर्ज तुमचा होता, तो तुम्ही मागे घेतलात. नियम शाळेचा आहे. तो राहील."

मी म्हटलं, "माझ्या अर्जावरूनच केलात ना?"

"निमित्त तुमचं," ते म्हणाले. "आता सहाशे मुलांचा आहे."

माणूस वाईट नाही तो. चहासुद्धा विचारला. घरी येईपर्यंत मला कळेना, मी भांडायचं कोणाशी.

म्हणून तुझ्याशी भांडते. तू मला आठ महिन्यांत एकदा, एका रविवारी, ताटावरून उठायच्या आधी सांगितलं असतंस तर? मी आदळआपट केली असती, तुला घराबाहेर काढलं असतं, महिनाभर बोलले नसते. पण ते घरात राहिलं असतं. तुला वाटलं, ताईला पेलणार नाही. तू मला न विचारताच माझ्या नावापुढे नापास लिहिलंस. मी नंतर तसंच वागून दाखवलं हे खरं. पण आधी तू लिहिलंस.

थोरली


१७ ऑक्टोबर

धाकटीस,

हे पत्र टपालाने नाही. ते तुझ्या हातात देणारा दारात उभा असेल, त्याला आधी आत घे, जेवायला घाल, मग वाच. बसचा प्रवास सात तासांचा आहे आणि वाटेत तो उतरणार नाही, मला माहीत आहे.

त्याने तुला परस्पर फोन केला आणि तुझ्या नव्या शाळेत विचारायला सांगितलं, हे त्याने मला लपवलं नाही. सरळ समोर येऊन म्हणाला, "मावशीची शाळा घेतेय मला. मी जातो." मी विचारलं, "माझी परवानगी मागतोयस का सांगतोयस?" तो म्हणाला, "सांगतोय." मग म्हणाला, "शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तुझी सही लागते."

सही केली. दाखल्यावर नाव रजिस्टरप्रमाणेच आहे. कारकुनाने मान वर न करता लिहिलं. तुमच्याकडचे मुख्याध्यापक त्याचं काय करतात ते ते आणि तू बघा. औषधांची चिठ्ठी आणि डॉक्टरीणबाईंचं पत्र वरच्या कप्प्यात आहे. पाणी पितोय आता, पण आठवण करावी लागते.

काल सकाळी मी त्याला सांगितलं. तो चहा पीत होता, मी पोळ्या लाटत होते. पाठ करूनच म्हणाले, "तो अर्ज मी केला होता."

"माहीत आहे," तो म्हणाला.

मला वाटलं सभेत ऐकलं असेल, कोणी सांगितलं असेल. विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. सरांनी ऑफिसात बोलावून वाचायला लावला."

"मनात?"

"मोठ्याने. वर्गशिक्षिका होत्या, अध्यक्ष होते. मावशीपण होती." कप विसळून पालथा घातला त्याने. म्हणाला, "'स्वच्छतागृह' दोन वेळा चुकीचं लिहिलंयस."

पोळी तव्यावर जळाली. मी तशीच उभी.

तेव्हापासून साडेतीन महिने तो माझ्यासमोर बसून जेवत होता. स्कर्ट घालत होता. मी चिठ्ठ्या वाचून दाखवत होते आणि तो ऐकत होता. एकदाही म्हणाला नाही, हे तू केलंस. आणि तू त्या खोलीत होतीस. तुला त्याच दिवशी कळलं होतं. मी तुला "अर्ज कोणी केला माहीत नाही" असं लिहिलं ते तू वाचलंस आणि घडी करून ठेवलंस. तू ते वाचताना मी समोर असते तर तुझ्या तोंडाकडे बघू शकले नसते. मान खाली घातलेली मी तुला बघायला मिळाले नाही, याचं मला बरंच वाटतं.

मी त्याला म्हटलं, "मला तेव्हाच का नाही बोललास?"

"काय बोलायचं?" तो म्हणाला. "तू आई आहेस. तुला नियमाप्रमाणे सगळं कळवायचं असतं. मग मी तुला काहीच कळवायचं नाही असं ठरवलं."

बसवर सोडायला येऊ नकोस म्हणतो. जाणार नाही. दुकानाच्या दारात उभी राहीन, तिथून बस वळताना दिसते. कुठल्या खिडकीत असेल ते दिसणार नाही.

तुला मी माफ केलेलं नाही. तूही मला करू नकोस, उगाच मोठेपणा घेशील. आपल्या दोघींचं जे आहे ते आहे तसं राहू दे, निवांत भांडू कधीतरी. शाळेचे गणवेश मी सोडले, हेही तुला शिपायाकडून कळण्याआधी मीच सांगते.

एकच निरोप आहे, त्याचा. मी तो द्यायचं कबूल केलंय, म्हणून देते. म्हणाला, "मावशीला सांग, माझं काहीही घरी कळवायचं नाही. मार्क नाही, ताप नाही, वर्गात काय म्हणतात ते नाही. मला वाटेल तेव्हा मी सांगेन."

मी म्हटलं, "आजारी पडलास तर?"

"तरी नाही."

साडेतीन महिन्यांपूर्वी मीच लिहून मागितलं होतं, त्याच दिवशी आणि लेखी. आता तुला सांगते. हातात पेन आलं, राहवलं नाही, तरी कळवू नकोस. मी पत्र लिहून विचारलं तरी उत्तर देऊ नकोस. मी विचारेन. तू गप्प राहा.

थोरली